तोंडावर सांगता येईल असं कारण

ॲड. सुशीलाताईंना मी प्रथम भेटले ती वडिलांसोबत, वसमतच्या त्यांच्या कार्यालयात. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. पहिली अक्षरं मला आईनं घरीच शिकवली. वकिलीची नवी सनद हातात होती, पण चारचौघांत शब्द अडायचे. "वकिली काहून करायचीय?" ताईंनी विचारलं. मी वडिलांकडे पाहिलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "पाठ करून आली न्हाईस." त्या दिवसापासून मी त्यांची कनिष्ठ झाले.

आपल्या व्यवसायाच्या सुधारणेवर आपण पुष्कळ बोलतो. कागद संगणकावर गेले, तारखा मात्र पडतच राहतात. ताईंचा त्यावर एक साधा नियम आहे: पुढची तारीख मागण्याआधी बाहेर जाऊन पक्षकाराला कारण सांगायचं. तोंडावर सांगता येत नसेल, तर ते न्यायालयातही सांगायचं नाही.

गमलीबाईंच्या मनाई अर्जावर युक्तिवाद होता, त्या सकाळी ताईंचा घसा पार बसला. गमलीबाई जवळा बाजार गावाजवळच्या तांड्यावरच्या विधवा. दीर त्यांच्या वाट्याची जमीन विकायला निघाले होते. मनाई मिळाली नाही, तर आठवड्यात खरेदीखत होणार होतं. मी तारखेचा अर्ज लिहिला. समोरचे वकील हसले, "घ्या की! मलाही जेवायला घरी जाता येईल."

ताईंनी नुसतं बाहेर बोट दाखवलं.

मी गमलीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताईचा आवाज गेला, व्हय. तुमचा तर चांगला चालून राहिला! गिऱ्हाईक येऊन राहिलंय, ते थांबंल का?"

मी परत आले. ताईंनी माझ्या हातातला अर्ज घेतला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि माझ्या मागच्या खुर्चीवर बसल्या. सत्तरी ओलांडलेली, जिल्हाभर नाव असलेली ती व्यक्ती भर न्यायालयात माझ्या मागे बसली, याचं दडपण मला आजही जाणवतं. युक्तिवाद करताना मी घाईनं बोलू लागले की मागून खुर्चीवर बोटाची हलकी टकटक येई. मी सावकाश होई.

मनाई मिळाली. बाहेर गमलीबाई ताईंना म्हणाल्या, "आता घसा निवांत बरा होऊ द्या, ताई. काई तकलीफ न्हाई." ताई आवाज न करता पोटभर हसल्या.

आज त्यांच्या अमृतमहोत्सवी वर्षात आम्ही सारे कनिष्ठ नियतीकडे ताईंसाठी एक तारीख मागतो; खूप लांबची, निरोगी. कारण त्यांच्या तोंडावर सांगता येईल असंच आहे: ताई, मागची खुर्ची रिकामी असली की आम्ही अजूनही घाईनं बोलतो.