दोरीवरचा रहिवासी

"सणाच्या दिवशी धुणं? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"सण तिकडे आहे. इथे आज साधा गुरुवार आहे."

"आणि कपडे कुठे वाळत घालायचेत? इथे की तिकडे?"

"तिकडे."

"मग तिकडे सण आहे की!"

"अगं, म्हणून तर! रोस्विता, जरा समजून घे. आज तिकडे सगळे घरी आहेत. चर्च सुटलं की अख्खं रुगेल गाव आपल्या बाल्कनीखालून जाणार. एरवी बघतं कोण? आज बघतील. म्हणतील, हे नेगेलेचे शर्ट. म्हणजे नेगेले इथेच राहतो."

"आणि असंही म्हणतील, की मरियामातेच्या वाढदिवसाला चड्ड्या वाळत घालणारा हा कोण राक्षस आलाय गावात."

"ती जुन्या बायकांची खुळं झाली."

"त्या गावात वर बघायला जुन्या बायकाच मोकळ्या असतात, गेबहार्ट. बाकीच्यांना कामं आहेत. मलाही आहेत. दुकानात एका नवरीचा झगा उसवून ठेवलाय मी, आणि तिचं लग्न शनिवारी आहे."

गेबहार्टचं लक्ष नव्हतं. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर टब ठेवून ओले कपडे निवडत होता. मंडईत टोमॅटो निवडावेत तसे. शर्ट ठेवले. मोजे ठेवले. मधूनच रोस्विताचा निळा ब्लाउज हाताला लागला, तो त्याने पिळून बाजूला टाकला.

"हा नको. एकट्या माणसाचं धुणं वाटलं पाहिजे."

रोस्विताने ब्लाउजकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली त्याच्या अंगावर फेकली. "चल. एकटा माणूस."

गेबहार्ट नेगेले जन्माने नोफेल्सचा, म्हणजे ऑस्ट्रियाचा. नोफेल्स संपलं की रुगेल लागतं, आणि रुगेल लागलं की लिश्टनस्टाइन. सायकलवर घाम फुटायच्या आत माणूस परदेशात. दोन्हीकडून डोंगर तेच दिसतात. दक्षिणेचा गरम वारा सुटला की दोन्हीकडची डोकी सारखीच ठणकतात. फरक इतकाच, की पलीकडे पगार जास्त, कर कमी आणि गाड्यांच्या नंबरप्लेटा काळ्या.

त्या काळ्या प्लेटांनी गेबहार्टचा जन्म नासवला.

तरुणपणी तो पलीकडच्या एका खिडक्यांच्या कारखान्यात लागला आणि तिथेच गोदामाचा मुकादम झाला. त्या इवल्याशा देशाला कामाला माणसं लागतात पोत्याने, पण राहायला नको असतात. या, राबा, आणि संध्याकाळी आपापल्या देशात जाऊन झोपा, असा सरळ कायदा. हजारो माणसं तो निमूट पाळतात. सकाळी गाड्यांची रांग आत, संध्याकाळी रांग बाहेर. त्यात कुणाला अपमान वाटत नाही, कारण पगार चोख असतो. गेबहार्टलाच तेवढा वाटायचा. रोज संध्याकाळी नाक्यावर ऑस्ट्रियाची पाटी दिसली की त्याचा चेहरा असा पडायचा, जणू राजवाड्यातून हाकलून देताहेत.

आणि इकडे नोफेल्सला आला की तोरा! गुत्त्यात बसून म्हणायचा, "आमच्याकडे असलं चालत नाही." "आमच्याकडे रस्ते कसे स्वच्छ." मित्र विचारायचे, "तुमच्याकडे म्हणजे कुठे रे? कारखान्याच्या पार्किंगमध्ये?" चीजच्या शेवयांबरोबर इकडे बटाट्याचं सॅलड घेतात. हा तिकडच्यासारखा सफरचंदाचा मुरांबा मागायला लागला. सॅलड त्याला जीव की प्राण, तरी मुरांबा मागायचा आणि दोन घास कष्टाने गिळायचा. रोस्विताने पहिल्यांदा कीव केली. नंतर ती मुरांब्याची अख्खी बरणीच त्याच्या पुढ्यात आदळायला लागली.

तिकडे राहायचा परवाना मिळवायची एक वाट म्हणजे सोडत. वर्षातून दोनदा निघते. हजार जणांनी नावं घालायची आणि मूठभरांची निघायची. गेबहार्टने एक सोडत चुकवली नाही. मुलगी रांगायला लागली, शाळेत गेली, शिकून लिंझला निघून गेली, आणि बाप आपला दर वेळी चिठ्ठीत नाव घालतोय.

गेल्या वसंतात नाव निघालं. लग्नात कोरड्या डोळ्यांनी उभा राहिलेला हा माणूस स्वयंपाकघरात हुंदके देऊन रडला.

"आपण निवडले गेलो, रोस्विता!"

"आपण?"

"म्हणजे मी. तुला मागून बोलावून घेता येतं. आधी मला तिकडे बस्तान तर बसवू दे. शिवाय तुझं दुकान आहे, हे घर आहे. घाई कशाला?"

घाई नव्हतीच. त्याने रुगेलमध्ये होपबाई नावाच्या एका म्हाताऱ्या विधवेच्या घरात वरची खोली घेतली, बाल्कनीवाली. बेलवर नाव लावलं. गाडीला काळी प्लेट बसवली, आणि ती गाडी घेऊन तो पहिला कुठे गेला असेल? नोफेल्सच्या चर्चसमोर. तिथे ती मिरवणुकीतल्या घोड्यासारखी आडवी उभी करून तो प्रार्थना संपेपर्यंत बाहेर काच पुसत राहिला.

तीन रात्री त्याने त्या खोलीत काढल्या. गादी मऊ होती. पहाटे घंटा वाजायची. पाव वेगळा होता. रात्री बोलायला कुणी नव्हतं, आणि अंधारात लाकूड करकरायचं, त्याची साहेबांना भीती वाटायची. चौथ्या संध्याकाळी तो नोफेल्सच्या दारात उभा. "फक्त जेवायला आलोय," म्हणाला. जेवला, सोफ्यावर लवंडला आणि सकाळपर्यंत घोरला. तेव्हापासून रोज फक्त जेवायला येतो.

इतकी वर्षं कायदा सांगत होता, बाबा रे, रात्री इथे थांबू नकोस. तेव्हा याचा जीव तिथे झोपायला तडफडत होता. आता कायदा म्हणाला, झोप बाबा, इथेच झोप, पण खरोखर झोप, नाहीतर परवाना परत घेऊ. आणि हा आपला रोस्विताच्या डाव्या बाजूला, तोंड उघडं टाकून.

मग सुरू झाली नाटकं. खोलीतल्या दिव्याला टायमर लावला, अंधार पडला की आपोआप लागेल आणि झोपायच्या वेळी विझेल. दाराबाहेर जुने बूट ठेवले. तरी गावात कुजबुज उठली, की वरच्या बिऱ्हाडाचं धुणं कधी दिसत नाही. झालं. दर आठवड्याला धुणं नोफेल्सच्या मशीनमधून काढायचं, ओलंच गाडीत घालायचं आणि रुगेलच्या बाल्कनीत टांगायचं. वाळलेले कपडे टांगायला गेबहार्टची परवानगी नव्हती. "खाली होपबाईच्या डेलियांवर पाणी ठिबकलं पाहिजे. पाणी ठिबकलं की पुरावा होतो."

रोस्विता पहिल्यांदा पोट धरून हसली होती. मग गेली. कारण तो गयावया करायला लागला, आणि तिला वाटलं, मिळू दे एकदा याला तो परवाना पक्का, म्हणजे हे आयुष्यभराचं रडगाणं तरी थांबेल. आपल्याला त्या गावात राहायचं आहे की नाही, हे तिला कधी कुणी विचारलं नाही. तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं.

जकातनाक्यावरच्या पोराने गाडी पाहून हात केला. तो आता दोघांना ओळखत होता.

"आज काय, बाई?"

"ओल्या चड्ड्या."

"किंमत?"

"घालणाऱ्याच्या लायकीएवढी."

पोरगा हसला, मग थबकला. "पण आज? आज सण आहे."

"मला सांगू नकोस. चालवणाऱ्याला सांग."

चालवणारा समोर काचेतून बघत होता. चेहरा असा, जणू शेजारच्या बाईने रस्त्यात हात दाखवला म्हणून गाडीत घेतलीय.

ते बाल्कनीत पोहोचले आणि घंटा वाजल्या. चर्च सुटलं. रोस्विताने तोंडात चिमटे धरले आणि एकेक शर्ट टांगायला घेतला. गेबहार्ट कठड्याला टेकून उभा राहिला, नव्या कोऱ्या जाकिटात, आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाला हात हलवून नमस्कार करू लागला. गावचा सरपंच निवडून आल्यासारखा.

खाली ठेवणीतले कपडे घातलेली माणसं जात होती. रुगेलमध्ये कुणी ओरडत नाही. मान वर होते, मान खाली होते, आणि तेवढ्यात तुमचा निकाल लागलेला असतो. एका आईने तर मुलाच्या डोळ्यांवर हात ठेवला.

"बघताहेत," गेबहार्ट पुटपुटला. "सगळे बघताहेत!"

"हो ना," चिमट्यामागून रोस्विता म्हणाली.

दारावर थाप पडली, आणि उघडायच्या आतच होपबाई खोलीत शिरल्या. काळा झगा, हातात टोपी, जिना चढून धाप लागलेली.

"नेगेले, हे काय आहे?"

"कपडे आहेत, होपबाई."

"ते दिसतंय. साऱ्या गावाला दिसतंय. फादरनाही दिसलं. ह्या बाल्कनीत सणाच्या दिवशी माझ्या सासूने कधी हातरुमाल टांगू दिला नाही मला. आणि तुम्ही चड्डी टांगता? त्यातही पुढच्या दोरीवर?"

"चुकलं माझं. आता इथेच राहतो ना, शिकेन हळूहळू."

"राहता?"

खोलीत एक खुर्ची होती. होपबाई तिच्यावर बसल्या. घाई नव्हती त्यांना.

"तेच विचारायला आलेय मी. सोमवारी परवान्याच्या ऑफिसातला माणूस येणार आहे. मला विचारणार, वरचा भाडेकरू खरंच राहतो का. मी म्हातारी बाई, मला आता खोटं बोलून मरायचं नाहीये."

"मग बोला ना खरं! रोज रात्री माझा दिवा दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतो की. ठरल्या मिनिटाला लागतो, ठरल्या मिनिटाला विझतो. एवढा शिस्तीचा पुरुष मी जन्मात पाहिला नाही. मागे वादळात वीज गेली होती बघा गावची. त्यानंतर तुमचा दिवा भर दुपारी लागायला लागला. उन्हात दिवा लावून काय वाचत होतात?"

"डोळे जरा... हल्ली..."

"तेव्हा तुम्ही कारखान्यात होतात, नेगेले. आणि संडासाचा पाइप माझ्या उशापासून खाली जातो. माणूस एक वेळ न जेवता राहील. पण इतके महिने?"

रोस्विताला हसू फुटलं. चिमटा पडता पडता राहिला. होपबाईंनी मान वळवून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. ह्या बाईला त्यांनी जिन्यात टब घेऊन चढताना अनेकदा पाहिलं होतं.

"आणि ह्या कोण?"

रोस्विता थांबली. हातात शेवटचा शर्ट होता, कॉलर तिनेच उलटवून शिवलेली. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला वाटलं, आता बोलेल. आता तरी सांगेल, ही माझी बायको, आणि आमचं घर पलीकडे आहे, आणि मी मूर्खपणा केला. परवाना जाईल. जाऊ दे. घरी जाऊन बटाट्याचं सॅलड खाऊ.

गेबहार्टने जाकीट नीट केलं.

"ह्या... ह्या कपड्यांचं बघतात."

लग्नानंतर पहिल्यांदा तो तिला 'ह्या' म्हणाला होता.

"अस्सं," होपबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे रोस्विताच्या बोटातल्या अंगठीवर गेले, तिथून गेबहार्टच्या अंगठीवर आले आणि शांतपणे मांडीवरच्या टोपीवर स्थिरावले. "मग बाई, तुम्हीच सांगा. धुणारीला सगळं ठाऊक असतं. ह्यांची चादर आली का हो कधी धुवायला? रात्री हा माणूस झोपतो कुठे? तुम्ही जे म्हणाल तेच मी सोमवारी त्या ऑफिसवाल्याला सांगेन. एक अक्षर इकडे तिकडे नाही."

गेबहार्ट होपबाईंच्या पाठीमागे सरकला. तिथून त्याने हात जोडले, मान हलवली, ओठांनी बिनआवाजाचं 'इथे, इथे' करून दाखवलं, बोटाने पलंग दाखवला. त्या पलंगावर प्लास्टिकचं वेष्टण तसंच होतं.

रोस्विताने तोंडातला चिमटा काढला आणि कठड्यावर ठेवला. हातातला शर्ट टबात टाकला. ओले हात स्कर्टला पुसले.

"बोला ना, बाई," गेबहार्ट म्हणाला.

तिने खुंटीवरची पर्स घेतली.

"रोस्विता!"

"नाव ठाऊक आहे वाटतं," होपबाई म्हणाल्या.

रोस्विता दोघांच्या मधून दारापर्यंत गेली आणि जिना उतरायला लागली. फाटकाबाहेर रस्ताभर सणाचे कपडे घातलेली माणसं उभी होती. त्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. वर बाल्कनीतून गेबहार्ट शर्टांच्या मधून वाकून विचारत होता, "अगं पण मी होपबाईंना सांगू काय?" ती नोफेल्सच्या रस्त्याला लागली होती.