राबावरचं यंत्र

रविवारी दिवेलागणीपर्यंत बोरमाळ सापडली नाही, तर मावशीला तांदूळ चावायला लावणार होते. दादानं शनिवारी पुण्याला माझ्या ऑफिसच्या फोनवर मला हे सांगितलं आणि वर म्हणाला, "तू ये न्हाईतर नको यिऊ. कळवायचं काम म्या केलं." 

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बाजूच्या डोंगराकडच्या काही गावांत त्या वेळेपर्यंत अशी रीत होती. घरात चोरी झाली आणि चोर कळला नाही, की ज्याच्यावर संशय असेल त्याला देवळासमोर बसवायचं आणि मंतरलेले कोरडे तांदूळ चावायला द्यायचे. चावून हातावर थुंकायचं. ओलं पीठ पडलं तर माणूस सुटला, कोरडं पडलं तर तोच चोर. मी सातवीत असताना एका म्हाताऱ्या गुराख्याला असं बसवलेलं पाहिलं होतं. हातावर थुंकल्यावर त्यानं इतरांच्या आधी स्वतःच वाकून तळहाताकडे पाहिलं. पावसाळ्याआधी तो गाव सोडून गेला. आमच्या पदवीच्या वर्गात सरांनी सांगितलं होतं की घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते. वर्गात सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मला मात्र तो म्हातारा आठवला आणि मी लिहायची थांबले.

मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे. ती आणि तिचा नवरा वरच्या वाडीवर राहायचे आणि वर्षानुवर्षं आमच्या शेतावर कामाला यायचे. पावसाळ्यात ओढा भरला, की शाळेत जाताना मला खांद्यावर घेऊन पलीकडे सोडणारी तीच. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यासाठी ज्यांचे उपकार मानायचे त्यांची यादी मोठी आहे, पण तिचं नाव त्यात वरचं आहे.

झालं होतं असं. दोन हजार चार सालचा उन्हाळा होता. आई आणि दादा एका लग्नाला दोन दिवसांसाठी कोकणात गेले. जाताना आईनं बोरमाळ एका डबीत घातली आणि गोठ्यामागच्या हुडव्यात, म्हणजे गोवऱ्यांच्या रचलेल्या ढिगात, अगदी तळाच्या चुऱ्यात पुरून ठेवली. वडील गेल्यावर घरात उरलेलं सोनं तेवढंच. पेटी फोडतील, कणगी उसकटतील, पण शेणात कोण हात घालतोय, असा तिचा हिशेब. हे तिनं दादालाही सांगितलं नाही. आणि दादानं जाताना मावशीला सांगितलं, "हुडव्याच्या तळाचा चुरा न्या, फुटक्या शेण्या न्या, राब भाजून ठेवा." हे त्यानं आईला सांगितलं नाही.

भातरोपांसाठी आमच्याकडे जमीन भाजतात. शेण, टहाळ, पालापाचोळा आणि वर मातीचा पातळ थर देऊन पेटवतात, त्याला राब म्हणतात. आई लग्नाहून परतली तेव्हा हुडव्याचा तळ रिकामा होता आणि खालचं खाचर भाजून काळं झालं होतं. दादानं दाताळ्यानं राख ओढून पाहिली. काही मिळालं नाही. मग घरात सगळ्यांचं एकमत झालं, की पाट्या भरताना डबी मावशीच्या हाताला लागली असणार.

आमचं ऑफिस पाण्याच्या जुन्या नळांचे नकाशे करायचं. रस्त्याखाली गाडल्या गेलेल्या व्हॉल्व्हची लोखंडी झाकणं शोधायला आमच्याकडे मेटल डिटेक्टर होता. ते यंत्र मला एका वयस्कर तंत्रज्ञांनी शिकवलं होतं, आम्ही त्यांना काका म्हणायचो. शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि रडायला लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, साहेबांची परवानगी मिळवली आणि नव्या बॅटऱ्या घालून दिल्या.

"सोनं शोधायचंय म्हणजे लोखंड गाळायचं बटण फिरव," ते म्हणाले. "आपल्या कामात ते लागत नाही. पण शेतात खिळे, नाल फार. आणि घाई करू नको. घाई केलीस की ते खोटं बोलतं."

चादरीत गुंडाळलेलं यंत्र घेऊन मी सकाळच्या एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "काय वो ताई, बंदूक घिऊन माहेराला? भावाचं काय खरं न्हाई मग!" गाडी हसली, मीही हसले. 

खाचराच्या बांधावर सगळे आधीच बसले होते. आई, दादा, आणि थोरले चुलते, ज्यांना सगळे तात्या म्हणत. मंतरलेल्या तांदळाची पुडी तात्यांच्या कोपरीच्या खिशात होती आणि ते मधूनमधून खिसा चाचपून बघत होते. मावशी पलीकडच्या बांधावर एकटी उभी होती. तिचा नवरा झाडाखाली मान खाली घालून बसला होता.

मी बांगड्या काढल्या, घड्याळ काढलं, कानातलंही काढलं. आपल्याच अंगावरचा धातू आधी बोलायला लागतो. खाचरात दोऱ्या ताणून दोन-दोन हातांचे पट्टे पाडले. मग यंत्र शून्यावर आणायचं होतं, म्हणजे नुसत्या मातीवर ते गप्प राहायला हवं. ते बांधावरच्या मातीवर शून्याला आणलं, पण राबात पाऊल टाकताच ते सगळीकडेच कुरकुरायला लागलं. जाळलेल्या मातीत हा गुण येतो. म्हणून परत राबातच उभं राहून, यंत्राच्या टोकाची गोल ताटली वरखाली करत, ते त्या भाजक्या मातीवर शून्याला आणलं. मग चालायला सुरुवात केली. ताटली जमिनीपासून चार बोटं वर, जमिनीला समांतर, डावीकडून उजवीकडे, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढलेली. लोखंड गाळायचं बटण काकांनी सांगितल्याप्रमाणे फिरवलेलं होतं.

"भात कापतीया का झाडू मारतीया?" तात्या बांधावरून म्हणाले.

"गप बसा तात्या, ती शिकल्याली हाय," दादा म्हणाला. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, कळलं नाही.

पहिला पट्टा गेला, दुसरा गेला. कानांवरच्या हेडफोनात नुसती शांतता. अर्ध्या खाचरात एकदा बारीक आवाज आला. उभ्यानं फिरवलं, मग आडवं फिरवलं, दोन्ही आवाज एकमेकांना छेदतात तिथं काडी रोवली आणि बाजूनं खुरप्यानं माती काढली. पितळी घुंगरू निघालं, बैलाच्या गळ्यातलं. आई बांधावर उठून उभी राहिली होती, ती परत बसली.

शेवटचा पट्टा संपला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी हेडफोन काढला आणि म्हणाले, "काही नाही."

तात्या गुडघ्यावर हात ठेवून उठले. "झालं? आता तर यंत्रानं बी सांगितलं. सोनं हितं न्हाई. मग कुटं हाय?" असं म्हणून त्यांनी मावशीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. मी तिला सोडवायला आले होते, आणि माझ्याच हातातल्या वस्तूनं तिच्यावर बोट ठेवलं होतं. तांदळावर एखाद्यानं शंका तरी घेतली असती. पुण्याहून आणलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रावर कोण शंका घेणार?  मावशीचा नवरा उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तात्या, थांबा. मी परत एकदा बघते," मी म्हणाले. 

"किती येळा बगनार? काळोख पडंस्तवर?"

"बगू द्या की," आई पुटपुटली. "आवो, लई बारकी डबी हाय ती. यांच्या तपकिरीची."

मी आईकडे वळले. "तपकिरीची? ती पत्र्याची?"

"मंग काय चांदीची असतीया?"

मी तोवर समजत होते, की डबी पितळेची असेल. आमच्या घरात कुंकवाची डबी पितळेची होती, तीच डोळ्यांपुढे धरून मी चालत होते. विचारलं नव्हतं. पत्रा म्हणजे लोखंडच, आणि लोखंड दिसलं की गप्प राहा असं मीच यंत्राला सांगून ठेवलं होतं. सोनं त्या पत्र्याच्या आत. मी कदाचित दोनदा त्याच्यावरून गेले असेन.

मी ते बटण मागं फिरवलं. परत शून्यावर आणलं आणि पहिल्या पट्ट्यापासून सुरुवात केली. आता खाचर ओरडायला लागलं. दर दोन पावलांवर आवाज. बैलाचा नाल, विळ्याचं टोक, खिळा, परत खिळा, कुदळीची पाचर. काढलेलं प्रत्येक लोखंड मी बांधावर लांब नेऊन टाकत होते, नाहीतर तेच परत बोलतं. प्रत्येक आवाजाला आई उठायची, प्रत्येक खिळ्याला बसायची. शेवटी तिनं उठणंच सोडलं. तात्यांनी खिशातून पुडी काढून हातात घेतली होती.

खालच्या बांधालगत, जिथं राब भाजताना माणसं उभी राहून टहाळ आत ढकलतात तिथं, एक जाड आवाज आला. उभा, आडवा. काडी रोवली. बाजूनं माती काढून ती जेवायच्या ॲल्युमिनियमच्या ताटात घेणार होते, पण ताटही धातूचंच हे लक्षात आलं, म्हणून ओढणीवर घेतली आणि तिच्यावरून ताटली फिरवली. आवाज ओढणीत आला होता. ढेकूळ फोडलं. आत काळीठिक्कर, पायानं दबून चपटी झालेली डबी होती.

झाकण उघडेना. दादानं खुरप्याच्या टोकानं ते उचकटलं. आतला दोरा जळून गेला होता, मण्यांतली लाख वितळून बाहेर आली होती, आणि पोकळ मणी चेपून वाळक्या करवंदासारखे झाले होते. पण सोनं होतं.

आईनं डबी छातीशी धरली आणि रडायला लागली. दादा तिच्या खांद्यावर वाकून मणी बघत होता. तात्याही बघायला आले आणि म्हणाले, "चला, देवानं राखली." सगळे डबीभोवती होते. मावशीकडे कोणी पाहिलं नाही.

ती बांधावरून खाली उतरली, खाचर तुडवत आली आणि तात्यांपुढे हात पसरला.

"द्या ती पुडी."

"आता कशाला गं? मिळालं की. जा, सुटलीस."

"द्या म्हनते न्हवं."

तात्यांनी दिली. तिनं पुडी सोडली, चिमूटभर तांदूळ तोंडात टाकले आणि सगळ्यांसमोर सावकाश चावले. मग तळहातावर थुंकली आणि हात आईपुढे धरला.

"बगा वैनी."

मी जवळ होते, मला दिसलं. हातावर कोरडं, पांढरं पीठ होतं. वाऱ्यानं त्यातलं थोडं उडालं.

आईनं पाहिलं आणि मान फिरवली.  मावशीनं हात लुगड्याला पुसला, पाटी उचलली आणि नवऱ्यामागोमाग वाडीची वाट धरली.

शेवटच्या एसटीला वेळ होता. यंत्र घरी ठेवून मी वाडीवर गेले. रस्ताभर भीती वाटत होती, की ती दार लावून घेईल. तिनं लावलं नाही. मला बसायला पोतं टाकलं, पाण्याचा तांब्या दिला. मी म्हणाले, "मावशी, चूक माझी होती. डबी कशाची ते मी आधी विचारायला हवं होतं."

"तुजं यंत्र चांगलं हाय," ती म्हणाली. "पन आज तू आलीस म्हनून. पुडल्या खेपंला कोन यील, बाय?"

मी तांब्या तोंडाला लावला. माझ्याही तोंडाला कोरड पडली होती, आणि सगळं पाणी संपवलं तरी ती गेली नाही.