बाकावरच्या बॅगा

माळ्यावर ठेवताना आपण मोठ्या बॅगेत मधली घालतो आणि मधलीत लहान. एक काढायला जावं तर तिन्ही बाहेर येतात. आमच्या बाकावरच्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगायला घेतला की त्याच्या पोटातून दुसरा निघतो, म्हणून आज सगळेच खाली काढते.

बाक म्हणजे बडोद्यात, हरणीतल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउससमोरचा. संध्याकाळी तिथे प्रधान आणि त्यांच्या मंदाताई, नयनाबेन, शिर्केभाऊ आणि मी असे पाच जण बसतो. सगळ्यांची मुलं परदेशात. विमानतळ इतका जवळ की विमान उतरायला लागलं की बोलणं थांबवावं लागतं. आम्ही वर बघतो, विमान गेलं की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतो. त्या विमानात आपलं कुणी नाही हे माहीत असतं, तरी बघतो.

मुलं फोनवर आधी तब्येत विचारतात, मग औषधं, आणि हल्ली तिसरा विषय बॅगेचा. "आई, हलक्यातली घेऊ नकोस, ब्रँडेड केबिन बॅग घे." कंपन्यांची नावं आमच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना देशावरून ओळखतो. जर्मन, अमेरिकन आणि जपानी. मग बाकावर जी चर्चा चालते ती ऐकून नव्या माणसाला वाटेल, इथे कुणाच्या तरी लग्नाचं जमवताहेत. जर्मन दिसायला देखणी, पण अंगाने जड. अमेरिकन घरंदाज, पण मिजास फार. जपानी शांत, चालली तरी आवाज नाही, पण तिच्या घरचं पुढे कोण बघणार, म्हणजे सर्व्हिस सेंटर बडोद्यात आहे का!

या सगळ्यातले जाणकार म्हणजे शिर्केभाऊ. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, ते स्वतः कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. आलेला माल तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही, ही सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही. सोसायटीत कुणीही बॅग घ्यायला निघालं की शिर्केभाऊंना बरोबर नेतं, हा आता रिवाजच झालाय. झिप, चाकं, हँडल, अस्तर, सगळं ते बोटांनी बघतात.

आणि हा माणूस विमानात कधी बसलेला नाही. त्यांचा अमोल कॅनडात आहे. वहिनी गेल्या तेव्हा आला होता, त्यानंतर नाही. दरवर्षी "पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावतो, बाबा" म्हणतो, नाहीतर "पुढच्या वर्षी मीच येतो" म्हणतो. शिर्केभाऊ त्या पुढच्या वर्षाची वाट बघताहेत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आम्ही तो विषय काढत नाही.

*

प्रधानांची बॅग घ्यायला आम्ही सगळे अलकापुरीच्या शोरूममध्ये गेलो होतो. सेल्समनने जर्मन बॅग आडवी ठेवली आणि म्हणाला, काका, हिच्यावर माणूस उभा राहिला तरी काही होत नाही. तो बोलून गेला. पण शिर्केभाऊंपुढे असं काही बोलायचं नसतं! त्यांनी ताबडतोब प्रधानांना चपला काढायला लावल्या.

प्रधान चढले. बॅगेला काही झालं नाही. पण वर गेल्यावर त्यांना गरगरायला लागलं आणि खाली उतरता येईना. एका हाताने सेल्समनचं डोकं आणि दुसऱ्याने शिर्केभाऊंचा खांदा धरून ते उभेच. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही जमली. सेल्समन तशातही गॅरंटी सांगत होता.

मंदाताई शांतपणे म्हणाल्या, "बॅगेची गॅरंटी कळली हो. यांची कोण देतंय?"

*

नयनाबेनने मात्र जपानी घेतली, कारण ती सगळ्यांत हलकी. त्यांचा हिशेब सरळ होता. बॅग जितकी हलकी तितके खाकरे जास्त. त्या लंडनला मुलाकडे निघाल्या होत्या.

पण बडोद्यात एक पद्धत आहे. कुणी परदेशी निघालं की ते एकटं निघत नाही, त्याच्याबरोबर गावाचं सामान निघतं. मंदाताईंनी तिकडच्या भाचीसाठी गोडा मसाला दिला. वरच्या मजल्यावरून लोणचं आलं, ते कंपनीने पॅक केलेलं होतं म्हणून चाललं. कुणाच्या नातवाचं झबलं आलं, कुणाच्या सुनेची चनिया-चोळी आली. नाही म्हणायचं कसं? उद्या आपलंही कुणाच्या तरी हाती पाठवायचं असतं. शेवटी मोठी बॅगही भरली आणि केबिन बॅगही. नयनाबेनचे स्वतःचे कपडे निम्मे घरीच राहिले, आणि त्या दोन स्वेटर अंगावर घालून भर मे महिन्यात विमानतळावर गेल्या.

तिकडे मुलाने बॅग उघडली. एकेक पुडकं काढत गेला, प्रत्येकावर दुसऱ्याचंच नाव. तो वैतागला आणि म्हणाला, "मम्मी, आमां तारुं शुं छे?" यात तुझं काय आहे?

नयनाबेन म्हणाल्या, "हुं आवी ने!"

हे सांगताना त्या हसतात. मी आले ना, असं आपल्याला सांगावं लागलं, हे मात्र त्यांना अजून लागून राहिलंय. ते त्या सांगत नाहीत, पण किस्सा संपला की गुडघा चोळायला लागतात.

*

माझी अमेरिकन. ती मी घेतली नाही, लेकीने, गौरीने सिंगापूरहून ऑनलाइन मागवून माझ्या दारात उतरवली. निळी, चार चाकांची, बोट लावलं तरी पळणारी. सोबत गौरीचा मेसेज, "आता ये." पण "ये" म्हणणं आणि तिकीट काढणं यात तिचं ऑफिस, तिचं नवं घर आणि तिच्या सासूबाईंचं ऑपरेशन येत गेलं. तिचा दोष नाही. बॅग दारामागे उभी राहिली.

एका गुरुवारी माझी भाजीची पिशवी फाटली. मी म्हटलं, एवढी चाकं आहेत तर चालू दे की! बॅग घेतली आणि खाली जाऊन रिक्षा केली. खंडेराव मार्केट म्हणून सांगितलं, तरी रिक्षावाल्याने बॅगेकडे बघून रिक्षा सरळ विमानतळाकडे वळवली. त्याला परत फिरवेपर्यंत माझा घसा बसला.

मार्केटमध्ये तर मजाच. भाजीवाल्या बाईने विचारलं, कुठे निघालात? लिंबूवाल्याने विचारलं. एक ओळखीच्या शिक्षिका भेटल्या, त्यांनी हात हातात घेऊन "हॅपी जर्नी" म्हटलं. मी हो म्हटलं. मग बॅग उघडून आत कोबी ठेवणं बरं दिसेना, म्हणून त्या जाईपर्यंत कोबी पदराखाली धरून उभी राहिले!

घरी येऊन बॅगेतली भाजी काढली. कुठे निघालात, असं मला फार दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी माझ्याकडे नवी पिशवी होती, तरी मी बॅगच घेऊन गेले.

*

शोरूमच्या त्या सेल्समनला शिर्केभाऊ आता पाठ झालेत. त्याला वाटायचं, हे काका सारखे येतात म्हणजे सारखे जगभर फिरत असणार. एकदा त्याने चहा मागवला, खुर्ची दिली आणि अदबीने विचारलं, काका, आपलं जास्त जाणं-येणं कुठे असतं?

शिर्केभाऊंनी जपानी बॅगेचं हँडल वर-खाली केलं आणि म्हणाले, "अकोट्याला. बहीण असते."

अकोटा म्हणजे बडोद्यातच, रिक्षाने जाण्यासारखं. आम्ही सगळे हसलो. तेही हसले, पण आमचं हसून झाल्यावर. परतताना प्रधानांनी त्यांना म्हटलं, अहो, एवढी पारख आहे तर स्वतःसाठी एक घेऊन का ठेवत नाही? ते म्हणाले, न वापरता पडून राहिली की चाकांचं रबर जातं.

*

आणि या दिवाळीनंतर अमोल येतो म्हणाला. खरंच येतो म्हणाला, तिकीट पाठवलं फोनवर. मुंबईत ऑफिसचं काम होतं, ते आटपून तो बडोद्याला येणार होता. किती दिवस ते त्याने सांगितलं नव्हतं, आणि शिर्केभाऊंनी विचारलं नव्हतं.

त्यांचा आठवडा तयारीत गेला. आतल्या खोलीतलं गोदरेजचं कपाट त्यांनी पूर्ण रिकामं केलं, आत वर्तमानपत्र अंथरलं, हँगर आणून लावले. वहिनींच्या साड्या त्यात होत्या, त्या मला विचारून माझ्याकडे आणून ठेवल्या. सोसायटीतून एक ट्रॉली मागून ठेवली, कारण लिफ्ट सारखी बंद पडते आणि कॅनडाहून येणाऱ्याचं सामान चांगलं मोठं असतं. वॉचमनलाही थांबायला सांगितलं. आम्ही चौघे काही ठरवून गेलो नव्हतो, पण त्या सकाळी सगळेच गेटपाशी होतो.

एक विमान उतरलं. त्या दिवशी त्यात आपलं माणूस होतं, म्हणून पहिल्यांदाच वर बघतानाही आमचं बोलणं थांबलं नाही.

टॅक्सी आली. अमोल उतरला, वडिलांच्या पाया पडला, आम्हाला नमस्कार केला. शिर्केभाऊ थेट मागे गेले आणि डिकी उघडायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, काका, डिकी खाली छे. म्हणजे रिकामी.

सामान पुढच्या सीटवर होतं. एक केबिन बॅग. जर्मन, काळी, अगदी वरच्या किमतीची.

अमोल उत्साहात सांगत होता की एवढंच घेऊन फिरलं की बेल्टपाशी थांबावं लागत नाही, विमानातून उतरलं की सरळ बाहेर. शिर्केभाऊ हो हो म्हणत होते. वॉचमन ट्रॉली घेऊन आला होता, त्याला त्यांनी हातानेच परत जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळचंच परतीचं विमान आहे हे आम्हाला मंदाताईंकडून कळलं.

सकाळी आम्ही पुन्हा गेटपाशी. शिर्केभाऊंनी बॅग स्वतः खाली आणली, अमोलला हात लावू दिला नाही. टॅक्सीत ठेवण्याआधी त्यांनी ती जमिनीवर उभी केली. झिपवरून अंगठा फिरवला, हँडल ओढून पाहिलं, चाक फिरवलं, सगळं सवयीने. अमोल आमच्याकडे बघून हसला आणि कौतुकाने म्हणाला, "बाबा, सगळी सोसायटी तुम्हाला विचारून घेते. सांगा, बरोबर घेतली ना मी?"

"बॅग एक नंबर आहे," शिर्केभाऊ म्हणाले. "पुढच्या वेळी साधी आण. पण मोठी आण."