चारही तळव्यांना भंडारा

बिरप्पाच्या डाव्या पायाला तीनच बोटं आहेत. दोन गेली त्याला यंदा दोन वर्षं झाली. चालताना कळत नाही, चप्पल काढल्यावर कळतं. म्हणून देवळात जाताना तो चप्पल सगळ्यांच्या मागून काढतो.

तो माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावात आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि जेवून उठला की माझ्या पदराला हात पुसायचा. म्हणून मी त्याला अजून नावानंच हाक मारते. घर मेंढरांचं. चौदाव्या वर्षी सासऱ्यांनी त्याला कळपामागं धाडलं, तर हा रस्त्याकडेच्या बंद पडलेल्या ट्रकपाशी बसून राहिला. ट्रकवाल्यानं इंजिन उघडलं होतं. दिवस कलेपर्यंत यानं ते पाहिलं आणि तोवर मेंढरं परक्याच्या ज्वारीत शिरून निम्मा पट्टा साफ करून आली. सासऱ्यांनी काठी घेतली. माझ्या मालकांनी मात्र दुसऱ्या दिवशी त्याला एसटीनं सोलापूरला आणून एका गॅरेजात उभं केलं. "ह्याला मेंढरं दिसत न्हाईत," ते तिथल्या मिस्त्रीला म्हणाले, "लोखंड दिसतं. बगा काय हुतंय का."

त्या गोष्टीला आता तीस वर्षं झाली. होटगी रोडच्या आतल्या अंगाला, एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये बिरप्पाचं स्वतःचं गॅरेज आहे. जुन्या गाड्यांची इंजिनं उघडायची, साफ करायची, परत जुळवायची, हे त्याचं काम. मालक गेल्यापासून मी त्याच्याकडेच असते. त्याची बायको पूनम शिवणकाम करते आणि दुपारचा डबा गॅरेजवर मी नेते. तिथं बसून बसून मलाही थोडं कळायला लागलंय.

गाडीतून काढलेलं इंजिन स्टँडवर चढवतात. स्टँड म्हणजे चाकं लावलेला लोखंडी घोडाच. त्याच्या तोंडाशी एक जाड पत्रा, पत्र्याला चार हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला सपाट तळवा. हे चार तळवे इंजिनाच्या पाठीला टेकवायचे आणि चार बोल्ट आवळायचे. मग इंजिन अधांतरी राहतं आणि दांडा फिरवला की हवं तसं उलटं-पालटं होतं. जमिनीवर ठेवलेल्या इंजिनाच्या पोटात मिस्त्रीला नीट हात घालता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी बिरप्पानं एका जीपचं इंजिन असंच चढवलं. बोल्ट स्वतः आवळले, इंजिन वरून धरून ठेवणारी साखळी सोडली, दांडा अर्धा फिरवला. खट्‌ असा एक आवाज झाला आणि इंजिन खाली. पाय मागं घेतला होता, पण पुरता घेतला नव्हता. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचा मुख्य सांगाडा, मधोमध फुटला. दवाखान्यातून आल्यावर त्यानं ते स्टँड शेडच्या मागल्या कोपऱ्यात ढकललं, त्यावर पोती टाकली आणि तेव्हापासून इंजिनं जमिनीवर, ट्रकच्या टायरवर ठेवून उघडायला लागला. मोठी कामं यायची थांबली. बिरप्पा स्टँडला भितो, असं लोक बोलायचे. तो मला एकदाच जेवताना म्हणाला, "वैनी, पडलं त्येचं कायच न्हाय. का पडलं त्ये कळंना. बोल्ट मीच आवळलेलं. कारण कळलं असतं तर दुसऱ्याच दिशी चढवलं असतं की."

मी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

यंदा संक्रांत झाल्यावर दुधनीचे शिवयोगी अण्णा टेंपोत इंजिन घालून आले. तुरीचे व्यापारी, सत्तरीचे, अंगात स्वच्छ पांढरा सदरा. त्यांच्या आज्ज्यानं घेतलेली डॉज मोटार, अठ्ठेचाळीस सालची, घरात उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायची असं त्यांनी मनावर घेतलं होतं. सहा सिलिंडरचं लांबलचक इंजिन, अडीच क्विंटलच्या वर वजन. साखळीनं उतरवून घेतलं तर टायर पार चेपला.

"बिरप्पा, एक विचारू का री?" अण्णा म्हणाले. त्यांच्या मराठीत कानडीचा हेल. "पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या जाणकारानं मला एकच सांगितलं. जो हे इंजिन स्टँडवर चढवत नाही, त्याला उघडायला देऊ नका. आणि तू तर टायरवर उघडतोस म्हणे."

"कोण म्हणलं?"

"कोण म्हणलं नाही ते विचार."

बिरप्पा इंजिनाभोवती एक फेरी मारून आला. त्याचा साथीदार भारत, वेल्डिंग करणारा, त्याच्याच वयाचा, मान खाली घालून उगाच पाना पुसत होता.

"मंगळवारी या," बिरप्पा म्हणाला. "इंजिन स्टँडवर दिसंल. न्हाय दिसलं तर टेंपो बरोबरच आणा आन् घिऊन जावा."

"याचा ब्लॉक फुटला तर दुसरा मिळणार नाही री. कुठंच."

"म्हाईत हाय."

अण्णा गेल्यावर भारत म्हणाला, "मिस्त्री, नुसतं व्हय म्हणून मोकळं व्हायचं तर मंगळवार कशाला सांगितला? पुढच्या दिवाळीचा सांगायचा."

"तू पाईप काप," बिरप्पा म्हणाला.

जुन्या स्टँडला त्यानं हात लावला नाही, नवंच करायला घेतलं. जाड पाईप, त्याहून जाड पत्रा. इंजिनाच्या पाठीवरच्या भोकांचं माप त्यानं पुठ्ठा कापून घेतला आणि जुन्या इंची आट्यांचे बोल्ट भंगार बाजारात दोन दिवस हिंडून शोधले. भारत वेल्डिंग करायचा, हा शेजारी उभा राहायचा. घरी पूनमची बडबड चालू होती. "आठ बोटं राहिलीत पायाची. जाताना मोजून जावा, येताना मोजून या."

"आठ पुरत्यात," बिरप्पा म्हणायचा आणि जेवायचा.

मंगळवारी मी दुपारची वाट न बघता डबा घेऊन सकाळीच गेले. कमरेला हुलजंतीच्या यात्रेतून आणलेल्या भंडाऱ्याची पिशवी होती. आमच्यात कुठलंही काम काढताना बिरोबाचा भंडारा लावतात, मग ते मेंढराचं असो की माणसाचं. बिरप्पा पूर्वी स्वतः लावायचा. ते इंजिन पडलं त्या दिवशीही त्यानं लावला होता, आणि त्यानंतर सोडलं. देवाचं आणि त्याचं ते बघून घेतील.

इंजिन साखळीला टांगलेलं होतं, पाठ माझ्याकडं. मी मूठभर भंडारा घेतला आणि त्या पाठीवर सगळीकडं चोळला. लोखंडाला ऑईलचा हात होता, त्यामुळं हळद छान धरली.

"वैनी, भोकात हळद घालू नका."

"भोकं सोडून लावलीय. मला काय डोळं न्हाईत?"

भारत हसला. बिरप्पानं चारही भोकं फडक्यानं पुसून घेतली. मग दोघांनी पत्रा इंजिनाच्या पाठीला भिडवला आणि बोल्ट लावायला सुरुवात केली. एक बसला. दुसरा बसला. तिसऱ्यानं कुरकुर केली, पण बसला. चौथा आटे धरेना. बिरप्पानं काढला, पुसला, पुन्हा लावला. तिरका जायला लागला.

"हाणू का एक?" भारतनं हातोडी उचलली.

"थांब."

"आवो तिनावर बक्कळ ऱ्हातंय. अण्णा यायची येळ झाली."

बिरप्पानं चौथा बोल्ट खिशात टाकला आणि बसलेले तिन्ही परत काढायला लागला. भारतनं माझ्याकडं पाहिलं. पत्रा सुटला तसा बिरप्पानं तो उजेडाला धरला.

चार तळव्यांपैकी दोहोंवर, समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या, भंडाऱ्याचा गच्च पिवळा ठसा होता. तिसऱ्याला नुसती एक पुसट रेघ. चौथा तळवा कोरा, भारतनं घासून दिला तसा पांढरा चकचकीत.

बिरप्पा तो पत्रा घेऊन खालीच बसला. बराच वेळ बोट फिरवत होता, पिवळ्यावरून कोऱ्यावर, कोऱ्यावरून पिवळ्यावर. मग सदऱ्याच्या खिशातून एसटीचं जुनं तिकीट काढलं, पत्रा पुन्हा इंजिनाला भिडवला आणि ते तिकीट कोऱ्या तळव्याखाली सरकवलं. आरपार गेलं.

"वेल्डिंगच्या तापानं वडलाय," तो म्हणाला. "टेकलाच न्हाय हा."

"एवढ्याशानं काय हुतंय?" भारत म्हणाला.

बिरप्पा उठला. मागल्या कोपऱ्यात गेला आणि दोन वर्षांच्या धुळीसकट पोती बाजूला केली. जुन्या स्टँडचा पत्रा सोडवून आणला. दाराशी शहाबादी फरशी आहे, एकदम सपाट, मागवाल्यांच्या वेळची. "वैनी, जरा भंडारा," तो म्हणाला आणि हात पुढं केला. दोन वर्षांनी मागितला. मी पिशवीच त्याच्या हातात दिली. त्यानं फरशीला ऑईलचं फडकं मारलं, वर भंडारा पसरला आणि जुना पत्रा त्यावर पालथा दाबून उचलला.

दोनच तळवे पिवळे झाले होते.

"दोन बोल्टांवर हुतं," बिरप्पा म्हणाला. "आख्खं इंजिन दोन बोल्टांवर. बाकीचं दोन नुसतं आवळल्यासारखं वाटत हुतं." त्यानं ते तीन-तीनदा सांगितलं, आवाज न चढवता. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं, वाईट वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. चौदाव्या वर्षी ट्रकपाशी बसला होता तेव्हा हेच तोंड असणार.

तेवढ्यात टेंपोचा हॉर्न वाजला. शिवयोगी अण्णा आत आले आणि साखळीला लोंबणारं इंजिन पाहून थांबले.

"चढलं नाही?"

भारत बिरप्पाच्या कानाशी लागला. मला ऐकू आलं. "तीन लावू, दाखवू. त्येंना काय कळतंय? गेल्यावर करू की नीट."

"अण्णा," बिरप्पा मोठ्यानं म्हणाला, "पत्रा वाकडा हाय. तीन बोल्ट लावून आत्ता दाखवू शकतो, तुमाला कळणार न्हाय. पण मी चढवणार न्हाय. पाच वाजस्तोवर टायम द्या. न्हायतर टेंपो उभाच हाय."

अण्णांनी आधी भारतकडं पाहिलं, मग पत्र्याकडं. "कापड पेठेत काम आहे माझं," ते म्हणाले. "पाचला येतो. ड्रायव्हर आणि टेंपो इथंच राहू दे."

विश्वास ठेवला असं त्यात काही नव्हतं. टेंपो दारात होताच.

मग कानस सुरू झाली. जिथं पिवळं उठतं तो भाग उंच, तेवढाच घासायचा. घासायचं, पुसायचं, इंजिनाला भिडवायचं, काढायचं, बघायचं. भंडारा पुसट झाला की पुन्हा लावायचा. ते माझं काम. पत्र्याच्या छपराखाली दुपारी भट्टी पेटल्यासारखं होतं. भारतनं दोनदा कानस मागितली, बिरप्पानं दिली नाही. तिसऱ्यांदा दिली, कारण हाताला फोड आले होते. डबा तसाच राहिला. दोन वाजता तिसरा तळवा अर्धा पिवळा झाला. तीनला पूर्ण. चौथा कोराच होता. मी मनात बिरोबाचं नाव घेत होते आणि तोंडानं, "अजून थोडं उजवीकडं," असं सांगत होते. दोन्ही चालतं.

सव्वाचारला चौथ्या तळव्यावर डाळीएवढा ठिपका आला.

"आला," भारत म्हणाला.

"ठिपका आला. तळवा न्हाय आला," बिरप्पा म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला.

शेवटी पत्रा काढला तेव्हा चारही तळवे सारखे माखले होते, ओट्यावर सुवासिनीनं हात उमटवावेत तसे. पिशवी रिकामी झाली होती. बिरप्पानं खिशातून तो चौथा बोल्ट काढला आणि पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरवला. तो शेवटपर्यंत गेला.

पाच वाजता अण्णा आले तेव्हा चारही बोल्ट आवळून झाले होते, पण साखळी अजून वर ताणलेली होती. बिरप्पानं सगळ्यांना भिंतीला लावलं. स्वतः बाजूला उभा राहिला आणि साखळी सोडायला लागला. एक कडी. दोन कड्या. घोड्यावर भार आला तशी चाकं फरशीवर करकरली. साखळी सैल पडली, लोंबायला लागली. इंजिन होतं तिथंच होतं. त्यानं चौथ्या तळव्याखाली तेच एसटीचं तिकीट घालून पाहिलं. शिरेना.

मग त्यानं साखळीचा आकडा काढून घेतला.

"ती राहू दे की री वर," अण्णा पटकन म्हणाले. "आधार म्हणून."

"आधार असला तर मला कळायचं कसं?" बिरप्पा म्हणाला आणि दांडा धरला.

मागच्या वेळी अर्ध्यावर आवाज झाला होता. तो अर्ध्यापर्यंत आला आणि थांबला. इंजिन आडवं, हवेत, हलेना की डुलेना. भारतनं श्वास सोडला तो मला ऐकू आला. बिरप्पानं दांडा पुढं फिरवला. अडीच क्विंटलचं धूड एका हातानं पालथं झालं आणि त्याचं पोट वर आलं, पंचाहत्तर वर्षांची काजळी धरलेलं.

अण्णा जवळ आले. आज्ज्याच्या गाडीच्या त्या पोटाकडं वाकून पाहत राहिले. मग बाहेर जाऊन ड्रायव्हरला म्हणाले, "चल, रिकामाच चल." जाताना बिरप्पाला म्हणाले, "आधी इथली घाण काढ. किती ही घाण."

"आठवडा लागंल."

"लागू दे री."

टेंपो गेल्यावर भारत जुना पत्रा भंगारात टाकायला निघाला. बिरप्पानं थांबवलं. "तो बी घासायचा हाय. सोमवारपास्नं लाग." मग डबा उघडला, तिथंच खाली बसून थंड भाकरी मोडली आणि मला म्हणाला, "वैनी, हुलजंतीला कोण जाणारं असलं तर भंडारा जास्त सांगा. अर्धा किलो तरी. हितं कानशीजवळ एक डबा भरून ठिवायचा हाय."

"कामाला वापरणार देवाचा भंडारा?"

"आदी कपाळाला लावीन," तो म्हणाला. "मग लोखंडाला."