मेघाली तामोरेचा नियम

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण नाकात पाणी गेलं तरी जिला रडू येतं तिला पोहण्याच्या संघाची व्यवस्थापक करणारं कॉलेज जगात एकच असेल, आणि ते बोईसरला आहे. माझं माहेर जतकडचं. पाणी हंड्यात असतं आणि ते जपून वापरायचं, एवढंच मला त्याच्याबद्दल ठाऊक. नवरा इथल्या कारखान्यात लागला म्हणून मी समुद्राकाठी आले आणि रसायनशास्त्र शिकवू लागले. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत बाई हवी. ती बाई कोण, हे ठरलं त्या दिवशी मी रजेवर होते. दुसऱ्या दिवशी बघते तर व्यवस्थापक म्हणून माझं नाव फळ्यावर.

त्याच फळ्यावर पुढच्या आठवड्यात एक कागद लागला. 'सप्तमी, सव्वापाच. दशमी, साडेसात. एकादशी, सव्वाआठ.' प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, कॉलेजात ही कसली व्रतवैकल्यं चालू आहेत? मलाही कळेना. मग जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरची एक बुटकी, रुंद खांद्यांची मुलगी ऑफिसात येऊन म्हणाली, "व्रत नाय सर, भरती हाय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पाणी काय आपल्या टाइमटेबलावर येत नाय."

ही मेघाली तामोरे. संघाची कॅप्टन. निवडणूक वगैरे झाली नव्हती. चारजणींचा संघ, त्यातल्या तिघींना तिनेच गोळा केलेलं, मग कॅप्टन दुसरं कोण होणार? जमना मासवणची, सूर्या नदीत वाढलेली. स्नेहल माकुणसारची, बागेतल्या विहिरीत शिकलेली. स्वरा बोईसरच्या चाळीतली, तिला तर मेघालीनेच पाण्यात ढकलून शिकवलं होतं. आमच्याकडे तलाव नव्हता. एका कारखान्याच्या क्लबात होता, तिथे मी तीन पत्रं दिली. उत्तर आलं नाही, येणारही नव्हतं.

तर ही पोरगी नवापूरला, होडी नांगरून, समुद्रात सराव घ्यायची. तिचे वडील पंढरी तामोरे यांची होडी. रिले म्हणजे चौघींनी पाळीपाळीने पोहायचं, एक पोचली की दुसरीने उडी घ्यायची. समुद्रात भिंत कुठली? एकजण पोहत होडीपर्यंत यायची, दुसरी वाकून तिला हात द्यायची, वर ओढायची आणि मगच स्वतः उडी मारायची. हा मेघालीचा नियम होता. "पाण्यात कुणाला टाकून कुणी उडी मारायची नाय. आधी हात, मग उडी." भरतीच्या पाण्यात तो नियम शंभर टक्के बरोबर होता. मी किनाऱ्यावर पिशवी सांभाळत बसायचे आणि मला तर तो फारच आवडायचा.

पहिल्या वर्षी मुंबईला विद्यापीठाच्या स्पर्धेला गेलो. निळा तलाव, पाण्यात रंगीत दोऱ्यांच्या पट्ट्या, गॅलरीत पोरंपोरी. आमच्या स्वराने पहिली फेरी बरी काढली. दुसरी जमना. ती भिंतीपासून हातभर लांब असताना स्नेहल उडी घ्यायच्या ओट्यावरून वाकली आणि तिने हात पुढे केला. जमनाने तो धरला. स्नेहलने तिला कमरेपर्यंत पाण्याबाहेर ओढलं, कठड्याला नीट टेकवलं आणि मग उडी मारली.

जमनाचा हात भिंतीला लागलाच नव्हता. भिंतीला हात लागल्याशिवाय पुढची निघाली की संघ बाद. शिट्टी वाजली, पण ती ऐकू यायला गॅलरीतलं हसणं थांबायला हवं होतं. स्नेहल बिचारी जीव तोडून पोहतच राहिली. तिला वाटलं, लोक टाळ्या वाजवतायत.

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. आम्ही बोईसरला पोचायच्या आधी तो पोचला. मग कॅन्टीनमध्ये चहा घेताना 'हात दे', वर्गात शिरताना 'हात दे', बाकावरून उठताना 'हात दे'. एकदा सुजित नावाच्या टग्याने मेघालीपुढेच हात केला. तिने तो धरला आणि सोडलाच नाही. "चल," म्हणाली, "नवापूरला चल. होडीपासून किनाऱ्यापर्यंत पोहून दाखव, मग मी स्वतः वाकून हात देते." सुजितचा चेहरा पडला. हात सुटल्यावर तो बराच वेळ बोटं चोळत होता. मेघालीची जिरली नाही ती नाहीच. पण स्नेहल त्यानंतर सरावाला आली नाही. फक्त परीक्षेपुरती कॉलेजात दिसायची, तीही तोंडाला ओढणी गुंडाळून.

पुढच्या वर्षी, सप्टेंबरात, प्राचार्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. "झालं हसू तेवढं पुरे," ते म्हणाले. "यंदा पोहण्याची प्रवेशिका पाठवायची नाही."

"पाठवू नका सर," मेघाली म्हणाली. "फक्त कारण लिहून द्या. 'लोक हसले म्हणून' असं लिहा, खाली सही करा. मी ते फळ्यावर लावते, भरतीच्या वेळांशेजारी."

मला वाटलं, आता ही कॉलेजातून जाते. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. मग तडजोड काढली. प्रवेशिका जाईल, पण स्नेहलला वगळायचं, दुसरी कुणी घ्यायची. आणि पुन्हा बाद झालात तर पोहण्याचा विषय कायमचा बंद, मागून येणाऱ्या मुलींनाही संधी मिळणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? मी मान डोलावली. मला ते शहाणपणाचं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मेघालीने माझ्यासमोरचा प्रवेशिकेचा फॉर्म ओढला आणि शाईने पहिलं नाव लिहिलं: स्नेहल. मग पेन माझ्या हातात दिलं. "मॅडम, दुसरी अट मान्य हाय. बाद झालो तर बंद करा. पहिली नाय. स्नेहल नसेल तर मी बी नाय. इथे तुमची सही लागते."

मी प्राचार्यांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सही झाली नसती. तशीच करून टाकली.

आता फॉर्मवर नाव होतं, मुलगी नव्हती. आम्ही माकुणसारला गेलो. स्नेहल पानवेलीच्या मांडवात पानं खुडत होती. तिची आई, सुगंधाताई, आम्हाला पाणी देऊन उभीच राहिली. "तिला परत नेऊ नको गं," म्हणाली. "पोरगी सहा महिने आरशासमोर उभी राहिली नाय."

स्नेहल पानांकडे बघतच बोलली. "मी नाय येणार. माझ्यामुळे सगळं गेलं."

"तुझ्यामुळे नाय," मेघाली म्हणाली. "आधी हात, मग उडी, हे कुणी शिकवलं? मी. तू शिकवलेलं केलंस. चुकीचं शिकवलं मी."

"मग सोड कॅप्टनकी."

"का सोडू? बिघडवलं मी, तर नीट पण मीच करणार. आणि त्याच जागी करणार. जमना दुसरी, तू तिसरी, मी शेवटची. जिथे हसले तिथेच."

स्नेहल रडायला लागली. तिला जवळ घेणं, पाठ थोपटणं असलं काही मेघालीच्या स्वभावात नव्हतं. तिने पानांची टोपली उचलली, मांडवाबाहेर नेऊन ठेवली आणि म्हणाली, "नवमीला पावणेसात. ओढणी घरी ठेवून ये."

नवमीला साडेसहालाच स्नेहल नवापूरला हजर होती. ओढणी होती, पण गळ्यात.

त्या वर्षीचा सराव मी विसरणार नाही. होडी बंद. धक्क्याच्या भिंतीशी सराव, कारण भिंतीला हात लावायची सवय लागायला हवी होती. भिंतीवर कालवं चिकटलेली, त्यांच्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या. पहिल्याच दिवशी चौघींचे तळवे कापले. मग माझ्या नवऱ्याने भंगारातून रबरी पट्ट्याचा मोठा तुकडा आणला, तो पंढरीदादांनी भिंतीला ठोकून दिला. वर एक फळी बसवली. फळीवर वाकून उभं राहायचं आणि दोन्ही हातांनी तिची कड धरायची. "हात सुटला तर तो उडी मारायलाच सुटला पायजे," हा नवा नियम.

पण जुना नियम मेघालीने मोडला नव्हता. पाण्यात कुणाला टाकायचं नाही म्हणजे नाही. तिने वडिलांना होडी घेऊन धक्क्याजवळ बसवलं. पंढरीदादा बोलायचे कमी. फक्त पहिल्या दिवशी म्हणाले, "पोरीनू, बिनघोर उड्या मारा. हात द्यायला मी हाय." दिवसभर मासेमारी करून आलेला माणूस दर सरावाला दोन तास नुसता बसून राहायचा.

तरीही स्नेहलचा हात सुटायचा. जमना जवळ आली की बोटं आपोआप कड सोडायची. मेघाली ओरडायची नाही. शाबासकीही द्यायची नाही. एकच शब्द: "परत." कॉलेजने व्याख्यानाला बोलावलेल्या एका पाहुण्यांनी संघाला यशाच्या मंत्रांचं पोस्टर भेट दिलं होतं. मेघालीने ते घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी त्यात गुंडाळून मला सुके बोंबील आणून दिले. एका संध्याकाळी तिने "परत" एकवीस वेळा म्हटलं. मी मोजले. बाविसाव्या वेळी जमनाचा तळवा रबरावर आपटला, आणि तोपर्यंत स्नेहलची बोटं फळीला धरून पांढरी पडली होती. मग तिने उडी मारली. मेघाली म्हणाली, "परत."

डिसेंबरात पुन्हा तोच तलाव, तीच गॅलरी. आमच्या कॉलेजचं नाव पुकारल्यावर वरून कुणीतरी ओरडलं, "हात दे!" हशा झाला. आणखी दहाबारा मोबाइल वर आले. मी मेघालीला म्हटलं, "लक्ष देऊ नका." ती म्हणाली, "का नाय द्यायचं? बघू दे की. बघायलाच आलेत."

स्वरा गेली, आली. जमना गेली. ती वळून येऊ लागली तेव्हा स्नेहल ओट्यावर वाकली. गॅलरी गप्प झाली, सगळे त्याच क्षणाची वाट बघत होते. मी व्यवस्थापक, मी पुढच्या वर्षीचा विषय बंद होतो की राहतो हे बघायला हवं होतं, पण मी बघत होते फक्त दहा बोटं. जमना हातभर लांब. अर्धा हात. बोटं कडेवरच. तळवा भिंतीवर आपटला, तो आवाज मला इथपर्यंत ऐकू आला, आणि स्नेहल हवेत होती.

मी ओरडले. काय ओरडले ते माहीत नाही, शेजारच्या कॉलेजचे सर दचकून बाजूला सरकले.

स्नेहल परत येत होती तेव्हा ओट्यावर मेघाली. आणि मी शपथेवर सांगते, तिचा उजवा हात सुटला होता. स्नेहल दमली होती, शेवटच्या टप्प्यात ती बुडतेय की काय असं वाटत होतं, आणि मेघालीचा हात कडेवरून निघून पुढे आला. क्षणभरच. तिने तो मुठीत वळवला आणि परत कडेवर आणला. स्नेहलचा तळवा लागला. मेघाली गेली.

सात संघांत आम्ही सहावे आलो. मेघालीने शेवटच्या भिंतीला हात लावला तेव्हा तिच्या पोटरीत गोळा आलेला, ती कड धरून नुसती लटकत होती. स्नेहल धावत पुढे आली. पाण्यातून मेघाली खेकसली, "हात मागं! अजून एक टीम पोहतेय." शर्यत संपायच्या आत हात दिला तर पुन्हा बाद ठरू, म्हणून तिघी हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. कॅप्टन खाली वेदनेने ओठ चावतेय, आणि तिघी पुतळ्यासारख्या उभ्या. सातव्या संघाची मुलगी आली, तिने भिंतीला हात लावला, शिट्टी झाली. फलकावर आमच्या नावापुढे वेळ आली. बाद हा शब्द आला नाही. आता पुढच्या वर्षी कोण बंद करतं तेच मला बघायचं होतं.

पंच मेघालीला म्हणाले, "शिडी तिकडे आहे."

"म्हायती हाय," मेघाली म्हणाली आणि जागची हलली नाही. तिने स्नेहलकडे पाहिलं.

स्नेहल कठड्यावर आली. आधी तिने मान वर करून गॅलरीकडे पाहिलं, त्या सगळ्या मोबाइलांकडे. कित्येक महिने ओढणीत लपवलेला चेहरा तिने तसाच वर धरला.

"काढा," ती ओरडली. "काढा आता विडिओ!"

आणि वाकून तिने हात पुढे केला.