बाजेखालच्या कांड्या

किस्से साठवायला कपाट लागत नाही आणि त्यांना ओलही लागत नाही. वेल्डिंगच्या कांड्यांचं तसं नव्हतं. हे सांगतानाही मला धास्ती वाटते, कारण बहुतेक किश्शांत चूक माझीच निघते.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. सांगलीतल्या एका मोटार वर्कशॉपात मी नवा इंजिनिअर. कांड्या विलायतेहून यायच्या, त्याही मुश्किलीने. जोडाची सगळी मदार त्यांच्या तारेवरच्या लेपावर; त्याला ओल लागली की जोडात भोकं पडायची, आणि असा जोड कधी सुटेल याचा भरवसा नसायचा. पावसाळ्यात त्या कोरड्या ठेवणं माझ्याकडे होतं.

*

एकदा एक पुडकं भिजलं. मी घाबरत घाबरत मालकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर मालक चाकू घेऊन कांड्यांचा लेप खरवडतायत!

"अहो, ओल सालीला लागलीय ना? आतली तार कोरडीच आहे!"

*

मी पुस्तकात पाहून कांड्यांच्या पेटीत कळीचा चुना ठेवला. चुना ओल शोषून घेतो, हे खरंच आहे. पण नेमकं तिथलंच छप्पर गळलं. चुना उकळला, पेटी फुगली, झाकण उडालं.

आमचा वेल्डर बापू, पलटणीत काम शिकून आलेला, आत डोकावून म्हणाला, "साहेब, चुना झ्याक झालाय. पान कवा लावताय?"

*

बापू दोन कांड्या कानाशी एकमेकींवर वाजवायचा. कोरडी खणखणते, ओली बद्द वाजते. मीही वाजवायचो, पण खात्री होईना. एकच कांडी चौथ्यांदा कानाशी नेली, तेव्हा तो हसला.

"आवं साहेब, कांडी हाय ती! आजाऱ्याची छाती तपासल्यागत काय ऐकताय?"

*

शेवटी एकच चांगलं पुडकं उरलं. बापू म्हणाला, "माज्या घरात एक जागा लय कोरडी हाय. बायको बाळंत झालीया. बाजेखाली रातध्याड शेगडी!" मी पुडकं दिलं. त्या रात्री मला झोप लागली.

तिसऱ्याच दिवशी मालकांच्या प्रवासी मोटारीची चासी, म्हणजे खालचा सांगाडाच, तडकली. जतच्या बाजाराची माणसं गाठोडी घेऊन दारात बसलेली. ओल्या कांडीचा जोड भर रस्त्यात सुटला तर? मी बापूला घेऊन त्याच्या घरी धावलो.

बाळंतिणीच्या खोलीत बापूलाही मज्जाव. त्याची आई दाराआडून म्हणाली, "थांबा, आणते."

बराच वेळ गेला. मी बाहेरूनच ओरडलो, "मावशी, लवकर! माणसं खोळंबलीत!"

म्हातारी परातीत कांड्या घेऊन आली. परातीतून पाणी ठिबकत होतं.

"आवं, इटाळाच्या खोलीतली जिन्नस तशीच कशी दिऊ? चांगलं दोन तांबे वतल्यात. आता खुशाल शिवा!"