ह्यांचं नाव, एक कॅपिटल आणि एक चिन्ह

ऑफिसात मी पासवर्डवाली बाई म्हणून प्रसिद्ध आहे. अंधेरीच्या आमच्या कंपनीत नवीन माणूस आला की त्याला माझ्यासमोर आणून बसवतात आणि मी त्याला दम भरते. वाढदिवस नको, मुलांची नावं नको, सगळीकडे एकच पासवर्ड तर अजिबात नको. मग संध्याकाळी मुलुंडला घरी येऊन मी गॅसच्या ॲपसमोर बसते आणि बांगडा, सुरमई, हलवा असे एकेक मासे टाकून बघते. माझे सगळे पासवर्ड मासळीबाजारातून आलेत आणि कुठला मासा कुठल्या खात्यात सोडला ते मला आठवत नाही. विजेच्या बिलाला बोंबील आहे एवढं नक्की, पण इंग्रजीत त्याला आय की डबल ई यावर माझं स्वतःशी भांडण होतं. नवरा म्हणतो, तुझं खातं फोडायचं तर चोराला आधी वर्सोव्याच्या कोळणींकडे शिकवणी लावावी लागेल.

विक्रोळीला राहणारी माझी आई मात्र कधीच अडत नाही. सत्तरी ओलांडल्यावर तिने स्मार्टफोन घेतला तेव्हा मी तिलाही ऑफिसातलं भाषण ऐकवलं होतं. "पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही. अगदी मलासुद्धा नाही." तिने मान डोलवली आणि स्वतःची पद्धत काढली. ज्या खात्याला जे बोलावंसं वाटतं तेच तिथे लिहायचं. बिलांच्या खात्याला म्हणे मालवणी शिवी आहे. बँकेला काय आहे ते ती सांगत नाही, पण टाइप करताना गालात हसते. वेगवेगळे पासवर्ड, सगळे लांबलचक, सगळे पाठ. मी ऑफिसात जे वर्षानुवर्षं घसा फोडून सांगते ते हिने एका दुपारी, तांदूळ निवडता निवडता जमवलं. मला तिचा अभिमान वाटला आणि खूप रागही आला.

गेल्या वर्षी मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा निघाली. अंतिम फेरी बोरिवलीच्या मोठ्या हॉलमध्ये, लाइट, माइक, सगळा थाट. प्रवेश ऑनलाइन. आईने आपल्या गटाचं खातं उघडलं आणि व्हिडिओ चढवला, पण गटाचं नाव काय ठेवायचं यावर बायकांचं जमेना, म्हणून शेवटचं बटण दाबायचं राहिलं. मध्येच आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, फोनकडे बघायला बंदी, आणि डाव्या डोळ्याने तिला भिंतीवरचं घड्याळही अंदाजानेच कळतं. गटाचं नाव एकदाचं ठरलं तेव्हा मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला होता. संध्याकाळी सहाला प्रवेश बंद.

ही स्पर्धा आईला किती हवी होती ते मला माहीत होतं. बाबा गेल्यावर तिला मंगळागौरीची आमंत्रणं येईनाशी झाली. अख्ख्या विक्रोळीत तिच्यासारखी फुगडी कुणाची नव्हती, पण सवाष्ण नाही म्हणून लोक गप्प बसायचे आणि ती दुसऱ्या दिवशी इतरांच्या फोनवर व्हिडिओ बघायची. दोन वर्षं तिने हे सोसलं. मग स्वतःचाच गट काढला. नवरा असलेल्या, नसलेल्या, सोडून आलेल्या, लग्नच न केलेल्या, सगळ्या चालतील. तळमजल्यावरच्या काकू मूळ जालन्याकडच्या, निवृत्त नर्स, त्यांना या खेळांचा गंधही नव्हता. त्या आता सूप असं नाचवतात की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं.

तर त्या दुपारी मी सुट्टी टाकून विक्रोळीला पोचले. आई पलंगावर पट्टीवरून काळा चष्मा लावून बसलेली, भोवती अख्खा गट. नवराही मदतीला आला होता. वेबसाइटने आईला केव्हाच बाहेर काढलं होतं आणि आता ती पासवर्ड मागत होती.

"सांग," मी म्हटलं.

"नाय सांगूचंय," आई म्हणाली. "तूच सांगलंस ना, कोणाक सांगा नको म्हणान?"

"अगं आई, आज चालतं!"

"मग त्या दिवशी तसा सांगूचा होता."

मी कपाळावर हात मारला. नवरा म्हणाला, पासवर्ड विसरलात असं दाबू, मोबाइलवर कोड येईल. दाबलं. कोड गेला तो बाबांच्या जुन्या नंबरवर, कारण आईने खातं उघडताना सवयीने तोच नंबर दिला होता. तो नंबर केव्हाच बंद होऊन दुसऱ्याला मिळालेला. काकूंनी सरळ त्या नंबरला फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडे एक गृहस्थ. मी माझ्या सगळ्यात गोड आवाजात म्हटलं, "नमस्कार, तुम्हाला आत्ता एक कोड आला असेल, तेवढा सांगता का प्लीज?"

"मॅडम," तो म्हणाला, "सुबह से कोई मिला नहीं क्या? शरम करो, आवाज से तो अच्छे घर की लगती हो."

फोन कट. ऑफिसातली पासवर्डवाली बाई दिवसाढवळ्या फ्रॉड ठरली. अख्खी खोली हसून हसून पलंगावर आडवी झाली, काकूंना तर ठसका लागला. आई सगळ्यात जास्त हसत होती. डॉक्टरांनी जोरात हसू नका असंही सांगितलं होतं.

घड्याळात पाच वाजून गेले तेव्हा हसू जरा ओसरलं. "निदान हिंट तरी दे," मी म्हटलं.

आईने पदर सारखा केला. "ह्यांचा नाव असा त्यात."

झालं! बायकांना एवढंच पाहिजे होतं. "उखाणा घे, उखाणा घे," असा गलका सुरू झाला. आईने आयुष्यात बाबांचं नाव उखाण्याशिवाय घेतलेलं मी ऐकलेलं नाही. हे, ह्यांनी, ह्यांका. रेशनच्या दुकानातसुद्धा कार्ड पुढे करायची, तोंडाने नाव सांगायची नाही. आता तिने घसा खाकरला आणि तिथल्या तिथे जुळवलं:

"डोळ्याला बांधली पट्टी, दिसेना समोरचा खांब, अमुकरावांचं नाव घेते, मेल्या फोना, जरा थांब!"

अमुकच्या जागी बाबांचं नाव होतं, ते मी इथे लिहिणार नाही, कारण पासवर्ड अजून चालू आहे. टाळ्या पडल्या. मी ते नाव रावसकट टाइप केलं. चूक. बाबांच्या नावाचं स्पेलिंग रेशनकार्डावर एक आणि बँकेत दुसरं होतं, म्हणून दुसरं टाकलं. चूक. नवऱ्याने सुचवलं, आई त्यांना अहो म्हणायच्या ना, अहो लावून बघ. चूक. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: आणखी एकदा चुकलात तर खातं उद्यापर्यंत बंद.

"वाट लागली," काकू म्हणाल्या. आईचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेले मला दिसले. तेव्हा मला कळलं की ती गंमत करत नव्हती. तिला खरंच सांगता येत नव्हतं.

"जावयांका चाय आणूक धाडा," ती हळूच म्हणाली. "आणि तुमी सगळी भायर व्हा."

बायका कुरकुरत गॅलरीत गेल्या. नवरा चहाला गेला. दार लावल्यावरही आईने मला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं.

"ह्यांचा नाव. नुसता. पयला अक्षर मोठा. राव-बिव काय नाय. आणि फुडे रे."

"रे?"

"रे. आणि शेवटाक ता चिन्ह, हाक मारल्यार लावतत ता."

काळ्या चष्म्याखाली तिचे गाल लाल झाले होते. मी बाबांचं नाव लिहिलं, रे लिहिलं, उद्गारचिन्ह टाकलं. खातं उघडलं. मी गटाचं नाव भरलं, बटण दाबलं, आणि प्रवेश मिळाल्याचा हिरवा संदेश आला. मी ओरडले. दार ढकलून बायका आत घुसल्या, काकूंनी भिंतीवरचं सूप काढलं आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला येईपर्यंत खोलीत धिंगाणा चालला. आईला नाचायची बंदी, म्हणून तिने पलंगावर बसूनच पायाने ठेका धरला.

सगळ्या गेल्यावर मी पट्टी सरकवून तिच्या डोळ्यात थेंब घातले. मग मला राहवलं नाही. "तू बाबांना रे म्हणायचीस?"

"जगासमोर अहो," आई म्हणाली. "दार लावल्यार रे. लग्नाच्या दुसऱ्याच म्हयन्यात तेंनीच सांगलानी, माका नावान हाक मार म्हणान. तुमका कोणाकच म्हायत नाय." तिने थेंबांची बाटली चाचपून उशाशी ठेवली. "आता कोणाक म्हणू? म्हणान सकाळी उठलंय की ता खाता उघडतंय. काम नसला तरी."

मी नाक पुसलं आणि सवयीने जे तोंडात आलं ते बोलून गेले, "पण आई, आता मला कळलाय. नियमाप्रमाणे तो बदलायला पाहिजे."

आईने चष्मा काढला आणि उघड्या डोळ्याने मला शोधून माझ्याकडे रोखून बघितलं.

"मी नाय बदलूचंय," ती म्हणाली. "तूच विसर."